रसायन कारखान्यात पदार्थाचा आणि उष्णतेचा हिशेब: पर्यावरण व सुरक्षा व्यवस्थापन कसे उभे करावे

पंपाच्या सीलमधून टोल्युइन हे ज्वलनशील सॉल्व्हंट (विद्रावक) थेंबथेंब गळू लागले, तर त्या एका गळतीची नोंद किती ठिकाणी व्हायला हवी, याचा विचार करून पाहा. बाजूला उभा असलेला ऑपरेटर ती वाफ श्वासातून घेतो, म्हणून तो कामगारांच्या आरोग्याचा प्रश्न आहे. खाली साचलेल्या थारोळ्याजवळ ठिणगी पडली तर आग लागेल, म्हणून तो सुरक्षिततेचा प्रश्न आहे. फरशी धुतली की तेच टोल्युइन गटारातून सांडपाणी प्रक्रिया केंद्रात पोहोचते आणि तिथल्या जिवाणूंवर आघात करते, म्हणून तो पर्यावरणाचा प्रश्न आहे. आणि महिनाअखेरीस सॉल्व्हंटचा ताळेबंद जुळेनासा होतो, तेव्हा तो उत्पादन विभागाचाही प्रश्न होतो. बहुतेक कंपन्यांत या चार गोष्टी चार वह्यांत लिहिल्या जातात आणि चारही वह्या एकत्र उघडून पाहणारा कोणीच नसतो.

या लेखात मांडलेली पद्धत एकाच प्रश्नावर उभी आहे. या क्षणी कारखान्यात कोणता पदार्थ किती आहे, त्यात किती ऊर्जा दडलेली आहे, आणि त्याला धरून ठेवणारी वस्तू निकामी झाली तर तो कुठे जाईल? पर्यावरण व सुरक्षा व्यवस्थापनाची जबाबदारी ज्यांच्याकडे नव्याने आली आहे, त्यांनी आयएसओ १४००१ (पर्यावरण) किंवा आयएसओ ४५००१ (कामगार सुरक्षा व आरोग्य) या मानकांची फाइल उघडण्याआधी या प्रश्नाचे उत्तर आपल्या कारखान्यापुरते लिहून काढावे. ही मानके उपयुक्त आहेत, कारण ती कामाला शिस्त लावतात; मात्र तुमच्या रिअॅक्टरमध्ये काय घडते हे ती सांगू शकत नाहीत.

यादी, आणि यादीत नसलेले पदार्थ

पहिले काम पदार्थांच्या यादीचे. कच्चा माल आणि तयार माल गोदामाच्या नोंदीत असतोच. परंतु मधल्या टप्प्यावर तयार होणारे पदार्थ, उपउत्पादने, रिअॅक्टरच्या तळाशी उरणारा गाळ, वापरून झालेला उत्प्रेरक, पुन्हा वापरण्यासाठी गाळून ठेवलेले सॉल्व्हंट आणि स्क्रबरमधील (वायू शोषून घेणाऱ्या यंत्रातील) थकलेले द्रावण हे सगळे त्या नोंदीतून निसटते. वाफ, पाणी, नायट्रोजन, गरम तेल आणि संपीडित हवा यांचीही नोंद याच यादीत असावी, कारण अनेक रसायनांचा सर्वांत मोठा शत्रू साधे पाणीच असते.

प्रत्येक रसायनासोबत सुरक्षितता माहितीपत्रक येते आणि त्याचे १६ भाग ठरलेले असतात. घाईत असलेला माणूस दुसऱ्या भागातील धोक्यांची चिन्हे पाहून पत्रक मिटतो. माझ्या मते व्यवस्थापकाने सर्वांत सावकाश वाचायचा भाग दहावा, म्हणजे स्थिरता आणि अभिक्रियाशीलता. कारण पदार्थ एकटा असताना काय करतो यापेक्षा तो शेजाऱ्याशी कसा वागतो, यावरच कारखान्यातील बहुतेक मोठे प्रसंग ठरतात. त्या भागावरून एक मोठा तक्ता तयार करावा, ज्यात सगळे पदार्थ उभे आणि तेच सगळे पदार्थ आडवे मांडलेले असतील. हायपोक्लोराइटमध्ये आम्ल पडले तर क्लोरीन निघतो, सल्फाइडच्या द्रावणात आम्ल पडले तर हायड्रोजन सल्फाइड, सायनाइडमध्ये पडले तर हायड्रोजन सायनाइड. नायट्रिक आम्ल सेंद्रिय सॉल्व्हंटच्या संपर्कात आले तर आग किंवा स्फोट होऊ शकतो. या जोड्या रसायनशास्त्राच्या कोणत्याही पदवीधराला ठाऊक असतात. चूक होते ती वेगळ्याच जागी: तक्ता रिअॅक्टरपुरता केला जातो, आणि दोन प्लांटची गटारे पुढे एकाच चेंबरमध्ये मिळतात, हे त्यावर कुठेच दिसत नाही. म्हणून गटार, सामाईक व्हेंट लाइन, टाकाऊ ड्रमची शेड आणि टँकर रिकामे करण्याची जागा यांच्यासाठी स्वतंत्र तक्ता करावा. दोन वेगळी रसायने उतरवणाऱ्या जागी होजची जोडणीच वेगळ्या मापाची ठेवली, तर घाईतल्या माणसाचीही चूक होऊ शकत नाही.

यादी पूर्ण झाली की प्रत्येक ओळीपुढे विचारावे, एवढा साठा कशासाठी? जे कारखान्यात नाहीच ते गळू शकत नाही, हा विचार ट्रेव्हर क्लेट्झ या ब्रिटिश अभियंत्याने १९७० च्या दशकात आग्रहाने मांडला, आणि त्याला आजही पर्याय सापडलेला नाही. १९८४ च्या डिसेंबरमध्ये भोपाळमध्ये जो मिथाइल आयसोसायनेट बाहेर पडला, तो विकायचा माल नव्हता. कीटकनाशक बनवण्याच्या वाटेवरचा तो मधला पदार्थ होता आणि एकाच टाकीत सुमारे ४० टन साठवलेला होता. मधला पदार्थ तयार होताच पुढच्या टप्प्यात वापरून टाकता येईल का, सॉल्व्हंट बदलता येईल का, तापमान किंवा दाब कमी ठेवून काम भागेल का, हे प्रश्न प्लांटची रचना ठरत असतानाच विचारले पाहिजेत. प्लांट उभा राहिल्यावर त्यांची उत्तरे देता येतात, परंतु ती महाग पडतात.

उष्णतेचा हिशेब

प्रयोगशाळेतील एक लिटरच्या फ्लास्कमध्ये निमूटपणे चालणारी अभिक्रिया हजार लिटरच्या रिअॅक्टरमध्ये तशीच चालेल, असे समजू नये. भांड्याची लांबी-रुंदी-उंची दहापट केली तर त्याचे आकारमान हजारपट होते, मात्र उष्णता बाहेर नेणारा पृष्ठभाग शंभरपटच वाढतो. म्हणजे प्रत्येक लिटरच्या वाट्याला येणारा थंड पृष्ठभाग एकदशांश उरतो. त्यातच तापमान साधारण १० अंश सेल्सियसने वाढले की अनेक अभिक्रियांचा वेग जवळपास दुप्पट होतो, तर भांड्याभोवतीच्या जॅकेटमधून निघणारी उष्णता तापमानाच्या फरकाच्या प्रमाणात, म्हणजे सरळ रेषेत वाढते. एका बाजूला दुपटीची चाल आणि दुसऱ्या बाजूला सरळ रेषा असली, की एका ठरावीक तापमानानंतर थंडावा अभिक्रियेला कधीच गाठू शकत नाही. अभिक्रिया हाताबाहेर जाणे म्हणतात ते हेच.

अमेरिकेतील जॅक्सनव्हिल येथे १९ डिसेंबर २००७ रोजी एका छोट्या कारखान्यात अशाच अभिक्रियेने रिअॅक्टर फुटला आणि ४ जणांचा मृत्यू झाला. त्या दिवशीची बॅच १७५ वी होती. ४२ व्या बॅचपासून बॅचचा आकार एकतृतीयांशाने वाढवला होता, थंड करण्यासाठी पर्यायी व्यवस्था नव्हती, आणि ठरावीक तापमानाच्या वर सोडियम व सॉल्व्हंट यांच्यात दुसरी, अधिक तीव्र अभिक्रिया सुरू होते हे तिथल्या लोकांच्या लक्षात आलेले नव्हते. आधीच्या १७४ बॅचेस पार पडल्या याचा अर्थ एवढाच होता, की त्यांतल्या कोणत्याही वेळी थंडावा पुरेसा काळ बंद राहिला नव्हता.

म्हणून उष्णता बाहेर टाकणारी प्रत्येक अभिक्रिया मोठ्या प्रमाणावर नेण्यापूर्वी कॅलरीमापकात तपासून घ्यावी आणि तीन आकडे बॅच शीटच्या पहिल्या पानावर छापावेत: थंडावा पूर्ण बंद पडल्यास तापमान कुठपर्यंत चढेल, मिश्रणाचे विघटन कोणत्या तापमानाला सुरू होते, आणि या दोहोंच्या दरम्यान हातात किती वेळ असेल. ऑपरेटरला समीकरणे शिकवण्याची गरज नसते; मात्र त्याच्या हातात बारा मिनिटे आहेत की दोन तास, हे त्याला माहीत असलेच पाहिजे.

एक प्रसंग इथे थोडा जवळून पाहावा, कारण तो वारंवार घडतो आणि दिसायला अगदी निरुपद्रवी असतो. दुसरा कच्चा माल हळूहळू सोडत जाण्याची बॅच आहे. रिअॅक्टरचे तापमान ठरल्यापेक्षा १५ अंश कमी आहे. ऑपरेटरला वाटते, थंड आहे म्हणजे सुरक्षित आहे, आणि तो माल सोडत राहतो. प्रत्यक्षात कमी तापमानामुळे अभिक्रिया सुरूच झालेली नसते. आत पडलेला माल नुसता साचत असतो. मग कोणीतरी जॅकेटला वाफ देतो, अभिक्रिया पेटते, आणि तासाभरात हळूहळू निघायची उष्णता काही मिनिटांत निघते. त्यामुळे कमाल तापमानाइतकेच किमान तापमानही इंटरलॉकला (मर्यादा ओलांडताच काम आपोआप थांबवणाऱ्या यंत्रणेला) जोडलेले असावे, आणि ढवळणी थांबली तर माल सोडणे आपोआप थांबावे. बंद पडलेली ढवळणी माल सोडून झाल्यावर पुन्हा सुरू करणे हा तर आणखी वाईट निर्णय असतो. अशा वेळी काय करायचे ते बॅच शीटमध्ये आधीच लिहिलेले असावे.

अडथळे कागदावर आणि अडथळे जागेवर

धोक्यांच्या अभ्यासाची हॅझॉप पद्धत १९६० च्या दशकात ब्रिटनमध्ये तयार झाली आणि आज ती जगभर वापरली जाते. नकाशावरील प्रत्येक पाइपलाइन घेऊन प्रवाह नाही, जास्त, कमी, उलटा, दुसऱ्याच पदार्थाचा, असे शब्द लावत जायचे आणि कारण, परिणाम, उपाय लिहायचे. ती कंटाळवाणी आहे, आणि म्हणूनच घाईत केली तर निरुपयोगी ठरते. बैठकीत रात्रपाळीचा एक अनुभवी ऑपरेटर आणि मेंटेनन्सचा एक फिटर असावाच, कारण नकाशात नसलेली जोडणी त्यांनाच ठाऊक असते. पर्यावरण विभागाचा माणूसही तिथे बसलेला असावा. सेफ्टी व्हॉल्व्ह उडाला तर माल कुठे जाणार, या प्रश्नाचे उत्तर ‘हवेत’ असे लिहून पुढे जाणाऱ्यांना त्याने थांबवावे.

प्रत्येक मोठ्या धोक्यापुढे एकापेक्षा जास्त अडथळे असावेत आणि ते एकमेकांवर अवलंबून नसावेत. एकाच सेन्सरवर नियंत्रण, अलार्म आणि इंटरलॉक हे तिन्ही चालत असतील, तर ते तीन अडथळे नव्हेत, एकच आहे. भोपाळमध्ये अडथळ्यांची संख्या कमी नव्हती. टाकी थंड ठेवणारी शीतयंत्रणा होती, ती बंद होती. वायू शोषणारा स्क्रबर होता, तो वापरात नव्हता. वायू जाळून टाकणारा फ्लेअर होता, त्याचा पाइप दुरुस्तीसाठी काढलेला होता. पाण्याचे फवारे होते, ते वायू सुटत होता त्या उंचीपर्यंत पोहोचत नव्हते. नकाशावर हे सगळे जागच्या जागी होते.

यासाठी एक साधी पद्धत मी कळकळीने सुचवीन. कंट्रोल रूमच्या भिंतीवर बंद किंवा बायपास केलेल्या सुरक्षा साधनांचा फलक लावावा. कोणते साधन, कधीपासून बंद, कोणाच्या परवानगीने, त्याच्या जागी तात्पुरती कोणती काळजी घेतली आहे आणि ते कोणत्या तारखेला पूर्ववत होणार, एवढे त्यावर हाताने लिहावे. तारीख उलटली की ती ओळ कारखाना प्रमुखांच्या टेबलावर गेली पाहिजे. त्याच फलकावर तीन ओळी एकाच टाकीशी संबंधित दिसू लागल्या, तर त्या टाकीचे काम थांबवण्याचा अधिकार शिफ्ट इन्चार्जला लेखी दिलेला असावा, आणि त्याने तो वापरल्यावर उत्पादन का घटले याचा जाब त्याला विचारू नये.

बदल

इंग्लंडमधील फ्लिक्सबरो येथे १ जून १९७४ रोजी झालेल्या स्फोटात २८ जण मृत्युमुखी पडले. सहा रिअॅक्टरच्या मालिकेतील पाचवा रिअॅक्टर तडा गेल्यामुळे काढला होता आणि चौथा व सहावा जोडण्यासाठी २० इंची पाइपचा तात्पुरता बायपास बसवला होता. त्याचे आरेखन वर्कशॉपच्या फरशीवर खडूने काढले होते. त्या वाकड्या पाइपवर दाबामुळे कोणते बल येईल याचे नीट गणित कोणी केले नव्हते. दोन महिने तो पाइप टिकला.

बदल म्हणजे नवे यंत्र, असा समज असेल तर असे बायपास नोंदीतून सुटत राहतात. गास्केटचे मटेरियल बदलणे, कच्च्या मालाचा पुरवठादार बदलणे, बॅचचा क्रम मागेपुढे करणे, अलार्मची मर्यादा सरकवणे, पाळीतील माणसे तीनवरून दोनवर आणणे हे सगळे बदल आहेत. जशीच्या तशी वस्तू त्याच जागी बसवणे एवढेच काय ते बदलाच्या व्याख्येबाहेर ठेवावे. बदलाचा अर्ज दोन पानांपेक्षा मोठा नसावा, नाहीतर लोक तो चुकवतील. पण त्यात सांडपाण्यात आणि व्हेंटमध्ये काय नवीन जाणार हा रकाना हवाच, आणि ‘तात्पुरता’ असे लिहिले तर शेवटची तारीख सक्तीची असावी.

उघडण्याचा क्षण

बंद यंत्रणा जेव्हा माणसाच्या हाताने उघडली जाते, तेव्हा आतला पदार्थ आणि माणूस यांच्यामध्ये काहीच उरत नाही. म्हणून वर्क परमिटकडे, म्हणजे अशा कामाच्या लेखी परवानगीकडे, सर्वांत जास्त लक्ष द्यावे. परमिट कार्यालयात बसून भरला जात असेल, तर त्याचा उपयोग चौकशीच्या वेळी सही दाखवण्यापुरताच उरतो. परमिट देणारा आणि घेणारा, दोघांनी कामाच्या जागी उभे राहून, ज्या फ्लँजवर (पाइपच्या बोल्ट लावलेल्या जोडावर) काम आहे त्यावर हात ठेवून आणि त्यावरचा टॅग वाचून सही करावी. १९८८ च्या जुलैमध्ये उत्तर समुद्रातील पायपर अल्फा या तेल प्लॅटफॉर्मवर १६७ जणांचा बळी गेला, त्याची सुरुवात एका पंपापासून झाली. त्याचा सेफ्टी व्हॉल्व्ह काढलेला आहे, हे रात्रपाळीपर्यंत पोहोचलेच नव्हते. परमिट आणि पाळी सोपवणे या दोन वेगळ्या गोष्टी मानल्या, की मधल्या फटीत असे घडते. दर पाळीच्या सुरुवातीला चालू असलेले सगळे परमिट समोर ठेवून तोंडी वाचले जावेत.

बंद केलेला व्हॉल्व्ह म्हणजे वेगळी केलेली लाइन नव्हे. व्हॉल्व्ह बंद असूनही आतून माल पुढे सोडतात, आणि जुने तर हमखास सोडतात. माणूस आत शिरणार असेल तर ब्लाइंड (पाइप पूर्ण बंद करणारी चकती) टाकावा किंवा पाइपचा तुकडाच काढून ठेवावा. विजेच्या स्विचला काम करणाऱ्याचे स्वतःचे कुलूप लागावे आणि त्याची किल्ली त्याच्याच खिशात असावी.

फ्लँज उघडतानाची रीत नव्या फिटरला प्रत्यक्ष हात धरून शिकवावी. दाब शून्य दाखवत असला तरी आत दाब आहे असे समजावे. फ्लँजच्या समोर नव्हे, बाजूला आणि वारा येतो त्या दिशेला पाठ करून उभे राहावे. सगळे बोल्ट आधी थोडेसे सैल करावेत, आणि तेही आपल्यापासून सर्वांत दूर असलेल्या बोल्टपासून, म्हणजे आत अडकलेला द्रव उडालाच तर पलीकडे उडेल. मग फट किंचित उघडून, काही येते का ते पाहून, आपल्या बाजूचे बोल्ट सर्वांत शेवटी काढावेत. आम्ल किंवा अल्कलीची लाइन असेल तर काम सुरू करण्यापूर्वी जवळचा सेफ्टी शॉवर एकदा चालवून पाहावा. डोळ्यांत काही गेले तर किमान १५ मिनिटे पाण्याची धार लागते, आणि ती धार दहा सेकंदांत गाठता आली पाहिजे. वाटेत ड्रम रचून ठेवलेले असतील तर शॉवर असूनही नसल्यासारखा.

बंदिस्त जागेबद्दल मात्र कोणतीही सवलत देऊ नये. हवेत ऑक्सिजन सुमारे २०.९ टक्के असतो, १९.५ टक्क्यांखाली किंवा २३.५ टक्क्यांवर वाचन गेले, तर आत शिरू नये. ज्वलनशील वाफेचे प्रमाण स्फोटाच्या खालच्या मर्यादेच्या १० टक्क्यांखाली असावे. आधी ऑक्सिजन, मग ज्वलनशील वाफ, मग विषारी वायू या क्रमाने, आणि टाकीच्या वरच्या, मधल्या व तळाच्या पातळीवर स्वतंत्रपणे तपासणी करावी, कारण जड वाफा तळाशी बसतात. नायट्रोजनला वास नसतो, रंग नसतो, आणि तो गुदमरवत असल्याची जाणीवही होत नाही; शरीराला गुदमरल्याची जाणीव कार्बन डायऑक्साइड साचल्याने होते, ऑक्सिजन संपल्याने नव्हे. त्यामुळे नायट्रोजन भरलेल्या टाकीत डोकावलेला माणूस एकदोन श्वासांत, काही कळायच्या आत कोसळतो. हायड्रोजन सल्फाइडची गत वेगळी: सडक्या अंड्यासारखा वास येत असतो, पण प्रमाण वाढून १०० पीपीएमच्या (दहा लाखांत शंभर भाग) आसपास गेले की नाकच बधिर होते आणि धोका गेला असे वाटते.

अशा टाक्यांत मरणाऱ्यांमध्ये पहिल्याला वाचवायला धावलेल्यांची संख्या फार मोठी असते. म्हणून मॅनहोलपाशी उभ्या असलेल्या माणसाचे काम एकच: आतल्या माणसाशी बोलत राहणे, आणि उत्तर आले नाही तर अलार्म वाजवून हार्नेसच्या दोरीने वर ओढणे. त्याने आत जायचे नाही. मित्र डोळ्यांसमोर पडलेला असताना हा नियम पाळणे फार कठीण जाते, म्हणून तो आधीच, शांतपणे आणि पुन्हा पुन्हा बोलून मनात रुजवावा लागतो. दोरी आणि तिपाई नसेल तर परमिटच देऊ नये.

पाणी, हवा आणि ड्रम

सांडपाण्याची सगळी गुंतागुंत स्रोतापाशी सोडवली तर सुटते. सगळे प्रवाह एकत्र झाल्यावर ती सुटत नाही. जास्त क्षारांचे पाणी, जास्त सेंद्रिय भार असलेले पाणी, जिवाणूंना विषारी असलेले पाणी आणि साधे धुण्याचे पाणी यांच्या लाइन वेगळ्या ठेवाव्यात. क्षार जिवाणू खात नाहीत. ते पाणी बाष्पीभवनाकडेच न्यावे लागते, आणि त्यात कमी उकळबिंदूचे सॉल्व्हंट असेल तर ते आधी काढून घ्यावे लागते, नाहीतर ते वाफेबरोबर पुन्हा आपल्याच नाकाशी येते. सीओडी पाण्यातील एकूण ऑक्सिडीकरण होऊ शकणारा भार सांगतो, तर बीओडी त्यातला किती भाग जिवाणू खाऊ शकतील ते सांगतो. सीओडी प्रचंड आणि बीओडी नगण्य असेल, तर वायुवीजन टाकीत कितीही दिवस हवा फुंकली तरी उपयोग नाही. पाणी घालून आकडा खाली आणणे हा उपचार नव्हे. नदीत जाणारे किलो तेवढेच राहतात.

जैविक टाकी ही जिवंत वस्ती आहे, आणि तिची काळजी गोठ्यातल्या जनावरासारखीच घ्यावी लागते: रोज सारखे खाणे, पुरेशी हवा, आणि अचानक बदल नाही. विरघळलेला ऑक्सिजन साधारण २ मिलिग्रॅम प्रतिलिटरच्या आसपास ठेवावा. बीओडी, नायट्रोजन आणि फॉस्फरस यांचे प्रमाण १००:५:१ या हिशेबाने पाहावे, कारण रसायन कारखान्याच्या पाण्यात शेवटचे दोन अनेकदा नसतातच आणि ते बाहेरून घालावे लागतात. फेस वाढला, गाळ खाली बसेनासा झाला किंवा टाकीचा नेहमीचा मातकट वास बदलला, तर प्रयोगशाळेचा अहवाल येण्याआधीच उत्पादन विभागाला फोन करून ‘आज काय सोडले?’ असे विचारावे. हा फोन रागाने न घेणारा उत्पादन प्रमुख ज्या कारखान्यात आहे, तिथले सांडपाणी बहुधा ठीक असते.

स्क्रबरच्या बाबतीत पंखा चालू आहे एवढे पाहून समाधान मानू नये. फिरणाऱ्या द्रावणाचा पीएच, त्याचा प्रवाह आणि पॅकिंगच्या दोन टोकांमधील दाबाचा फरक या तीन वाचनांवरून तो काम करतो की नाही ते कळते. त्यातले कॉस्टिक (सोडियम हायड्रॉक्साइड) हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषूनही संपते, म्हणून बॅच नसलेल्या दिवशीही ते थकते. फिरवणारा पंप थांबला तर विषारी वायू निर्माण करणारी मालाची धार आपोआप बंद व्हावी, अशी जोडणी करून घ्यावी.

टाकीभोवतीच्या डाइकची (गळती अडवणाऱ्या बांधाची) क्षमता सर्वांत मोठ्या टाकीच्या ११० टक्के ठेवण्याचा प्रघात आहे. ती मोजली जाते, पण डाइकचा ड्रेन व्हॉल्व्ह पावसाचे पाणी काढल्यावर उघडाच राहिला, तर त्या मोजमापाला काही अर्थ उरत नाही. तो कुलूपबंद ठेवून, पाणी तपासूनच, माणूस समोर उभा असताना सोडावे.

टोल्युइन आणि हेक्झेनसारखी सॉल्व्हंट वीज वाहून नेत नाहीत, त्यामुळे वरून ओतली तर स्थिर विद्युत साचते. ड्रम आणि पंप एकमेकांना व जमिनीला जोडावेत, पाइप तळापर्यंत न्यावा, आणि त्याचे टोक द्रवात बुडेपर्यंत वेग सेकंदाला १ मीटरपेक्षा जास्त ठेवू नये. जोडणीची क्लिप रंगावर लावली तर ती लावली नाही असेच समजावे. ती कोऱ्या धातूला भिडली पाहिजे. टाकाऊ ड्रमवर पदार्थाचे नाव, बॅच आणि तारीख त्याच दिवशी लिहावी, कारण सहा महिन्यांनी तो कोणाच्याच ओळखीचा उरत नाही आणि मग त्याची विल्हेवाट लावणे सर्वांत धोक्याचे होते.

आकडे कशाचे ठेवावेत

टेक्सास सिटी येथील तेलशुद्धीकरण कारखान्यात २३ मार्च २००५ रोजी १५ जणांचा मृत्यू झाला आणि १८० जण जखमी झाले. संयंत्र सुरू करताना एक मनोरा क्षमतेपलीकडे भरला, पातळी दाखवणारे साधन मात्र पातळी उतरत असल्याचे दाखवत होते. त्या कारखान्याचे वैयक्तिक इजांचे आकडे त्याआधी चांगले दिसत होते. घसरून पडणे, बोट चेमटणे यांची संख्या घटली म्हणजे रिअॅक्टर फुटण्याची शक्यता घटली, असे होत नाही. या दोन गोष्टींची कारणेच वेगळी आहेत. त्यामुळे मासिक अहवालात अपघातमुक्त दिवसांच्या आधी पुढील आकडे यावेत: उडालेले सेफ्टी व्हॉल्व्ह, मर्यादेबाहेर गेलेल्या बॅचेस, मुदत उलटलेल्या तपासण्या, बायपास असलेले इंटरलॉक, लहानमोठ्या गळत्या आणि सॉल्व्हंटची न जुळलेली तूट. थोडक्यात टळलेल्या घटना कळवणाऱ्यांची संख्या वाढली तर ते सुधारणेचे लक्षण मानावे, आणि कळवणाऱ्याला आठवड्याच्या आत काय केले ते सांगावे.

आणीबाणी आणि कारखाना बंद होतो तेव्हा

सराव दिवसा, अधिकारी हजर असताना आणि सूचना देऊन घेतला, तर त्यातून फार थोडे कळते. तो पहाटे तीनला, पूर्वसूचनेशिवाय घ्यावा. जमण्याच्या जागा दोन असाव्यात, म्हणजे वाऱ्याची दिशा पाहून एक निवडता येईल. मोजणीत कंत्राटी कामगार, टँकरचे ड्रायव्हर आणि पाहुणे आले पाहिजेत, कारण हजेरीपटावर नसलेल्यांनाच शोधायला लोक पुन्हा आत धावतात. शेजारच्या वस्तीला कोणता वायू सुटू शकतो, भोंगा कसा वाजेल, वाऱ्याच्या आडव्या दिशेने का जायचे आणि ओले कापड तोंडावर धरून कधी उपयोग होतो, हे आधीच सांगितलेले असावे. भोपाळच्या लोकांना त्या रात्री यातले काहीच माहीत नव्हते.

आग विझवण्याच्या योजनेत विझवलेल्या पाण्याचीही जागा लिहावी. स्वित्झर्लंडमधील बाझेलजवळ १ नोव्हेंबर १९८६ रोजी कीटकनाशकांच्या गोदामाला लागलेली आग विझली, पण ते पाणी ऱ्हाइन नदीत गेले आणि शेकडो किलोमीटरपर्यंत ईल मासे मेले. साठवण तळे किती वेळाच्या पाण्याला पुरेल आणि पावसाच्या गटाराचे गेट कोण बंद करणार, हे नावानिशी ठरलेले हवे.

प्लांट बंद करायचा असेल तर त्याचाही कागद प्लांट सुरू करण्याच्या कागदाइतकाच काटेकोर हवा. भोपाळच्या बंद कारखान्यात पडून राहिलेला सुमारे ३३७ टन घातक कचरा तिथून हलवायला २०२५ चा जानेवारी उजाडला. दुर्घटनेला तेव्हा चाळीस वर्षे उलटली होती. म्हणून शेवटची बॅच निघण्याआधी, प्रत्येक टाकी, लाइन, पुरलेला पाइप आणि गाळाचे तळे कोण, कोणत्या क्रमाने आणि कुठे रिकामे करणार, त्याचा खर्च कोणत्या खात्यात बाजूला ठेवला आहे आणि भूजलाचे नमुने किती वर्षे घेतले जाणार, हे लिहून घ्यावे. हे लिहिण्यासाठी ज्या जुन्या ऑपरेटरना कोणत्या फरशीखाली कोणती लाइन जाते ते ठाऊक आहे, त्यांना हिशेब चुकता करून घरी पाठवण्यापूर्वी नकाशा घेऊन त्यांच्याबरोबर एक संपूर्ण फेरी मारावी.